अकरा वाफ्यांचा पिक्चर

अर्धा पिक्चर बघून पूर्ण पिक्चरवर बोलणारी माणसं पुष्कळ भेटतात. आमचे जूचंद्रचे घरमालक अर्धा बघून दीड सांगायचे. वरचा एक कुठून आला हे विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं की ते खरोखरच सांगायला बसायचे आणि मग वांगी घ्यायला आलेल्या माणसाची संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. अर्धा म्हणजे अगदी नेमका अर्धा नव्हे. नेमकं किती ते पुढे सांगते. नेमकं सांगणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

गाव त्यांना नाना म्हणायचं, म्हणून मीही नाना म्हणायचे. खाडीकाठी भात पिकवणारं घर. भातशेती गेली, तिच्यावर टॉवर उभे राहिले, आणि चारी बाजूंनी टॉवर असलेल्या एका तुकड्यात नानांचं दुमजली घर, एक विहीर आणि मागच्या दारी भाजीचे अकरा वाफे उरले. वांगी, मिरची, भेंडी, कोथिंबीर. वरच्या मजल्यावरची खोली भाड्यानं द्यायची आहे असं कळलं म्हणून मी बघायला गेले, तेव्हा नानांनी लग्न झालंय का, मांसमच्छी खाता का, यातलं काही विचारलं नाही. काय काम करतेस, एवढंच विचारलं.

मी म्हणाले, "पिक्चर बघते."

"दिवसभर?"

"दिवसभर."

नानांनी आत हाक मारली. "अगो, जरा भायेर ये. ही पोरगी बग. पिक्चर बगते नि हिला पगार देतान." काकी, म्हणजे नानांची बायको, हात पुसत बाहेर आल्या, मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि आत जाऊन चहा टाकला. खोली मला मिळाली होती.

माझं काम खरं तर सबटायटलं तपासायचं. माणूस बोलला काय आणि खाली उमटलं काय, ओळ पाव सेकंद आधी येते की नंतर, हे बघायचं. एका पिक्चरला मला चार दिवस लागतात. शंभरदा थांबवायचा, मागे घ्यायचा, पुन्हा पुढे. या कामानं माझा स्वभाव चिडका झाला असं घरचे म्हणतात. घरचे चुकतात, तो आधीपासूनच तसा होता.

आता नानांची पद्धत. दुपारचं जेवण झालं की ते विहिरीवरची मोटर चालू करायचे आणि लगेच आत येऊन टीव्ही. ही दोन बटणं त्यांनी कधी वेगवेगळ्या वेळी दाबलेली मी पाहिली नाहीत. पाणी पाटानं पहिल्या वाफ्यात शिरायचं. वाफा भरायला दहा मिनिटं. तेवढा वेळ नाना खुर्चीत. मग उठायचं, मागच्या दारी जायचं, भरलेल्या वाफ्याचं तोंड फावड्यानं बुजवायचं, पुढच्याचं फोडायचं, जाता जाता एखादं तण उपटायचं, वांग्यातली अळी चिरडायची आणि परत यायचं. यात पाच मिनिटं. असं अकरा वेळा. म्हणजे पावणेतीन तासांच्या पिक्चरमधला जवळजवळ एक तास नाना भाजीत असायचे.

हा तास हुकला असं त्यांना कधीच वाटलं नाही. पिक्चर चालूच होता, फक्त ते मागच्या दारी होते. फावडं मारता मारता आत काय चाललंय ते त्यांना कळायचं. "कळायचं" हा त्यांचाच शब्द. उठताना ते पडद्यावरच्या माणसांना सांगून जायचे, "आलू हां, चालू द्या तुमचा." आणि येऊन बसताना विचारायचे, "काय जाला मंगारी?" म्हणजे मी गेल्यावर मागे काय झालं. त्यांना कुणी उत्तर द्यायचं नाही, पण त्यात अपमान वाटावा असं नानांना काही दिसत नसे.

एकदा माझ्याच्यानं राहवलं नाही. मी खाली जाऊन त्यांच्या रिमोटवरचं थांबवायचं बटण दाखवलं. पिक्चर थांबवून दाखवला. पडद्यावर एक बाई तोंड उघडं ठेवून तशीच राहिली. नानांचा चेहरा उतरला.

"चालू कर, चालू कर," ते म्हणाले. "मानूस बोलतंय नि मदीच त्याला गप करतंस? तुझ्या घरी पाहुना आला तं त्याच्या तोंडावर हात ठेवून तू भाजीला जाशील?"

"ती माणसं नाहीत नाना, रेकॉर्डिंग आहे."

"असंल. पन तिना म्हाईत नाय ना." ती बाई बोलायला लागेपर्यंत त्यांना चैन पडलं नाही. ते बटण त्यांनी नंतर चिकटपट्टी लावून बंद करून टाकलं.

नानांच्या मते पिक्चरची लांबी तासांत नव्हे, वाफ्यांत मोजायची. छोटा पिक्चर सात वाफ्यांचा. भरगच्च असेल तर अकरा. बारा वाफ्यांचा पिक्चर त्यांना मान्य नव्हता. एवढं पाणी कुणाच्याच विहिरीला नसतं, मग कशाला काढायचा, असं त्यांचं मत. आणि तारे, गुण वगैरे काही नाही. सगळ्यात वरची पदवी म्हणजे "वांगी बुडली". उठायचं भान राहिलं नाही, वाफा भरून वाहून गेला आणि वांग्याची रोपं पाण्यात तरंगली, असा पिक्चर. मी राहत होते तेवढ्या काळात हे दोनदाच झालं. दोन्ही वेळा नाना चिखलात उभे राहून स्वतःला शिव्या देत होते आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

संध्याकाळी पाचच्या पुढे टॉवरमधल्या बायका मागच्या दारी ताजी भाजी घ्यायला यायच्या. अर्धा किलो वांग्यांबरोबर मत फुकट. एक खुनाचा पिक्चर होता. खून नानांनी बघितला होता, खुन्याचा चेहरा दाखवला नव्हता, मग कोथिंबिरीचा वाफा आला, परत आले तर खोलीत पोलीस. वाफ्यात त्यांना कळलं की खून दूधवाल्यानं केला. दुपार झाली तरी दाराच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लटकत होती, हे त्यांनी जाताना बघून ठेवलं होतं. मग काय, दूधवाल्याचा बाप, त्याची मोठी बहीण, तिचं मोडलेलं लग्न, मेलेल्या माणसानं महिनाभर पिशवीत पाणी असल्याची केलेली तक्रार, असं करत करत नाना अशा ठिकाणी पोहोचले की ऐकणाऱ्या बायकांपैकी दोघी म्हणाल्या, बिचाऱ्यानं दुसरं करावं तरी काय.

त्या पिक्चरमध्ये दूधवाला नाही. मुळीच नाही. ती पिशवीसुद्धा कुणीतरी सहज लटकवलेली.

भुताच्या पिक्चरबद्दल त्यांचं मत वेगळं होतं. "भूत-बीत काय नाय. त्या बाथरूमचा ढाल उलटा काढलाय. पानी आत जातंय, दार फुगतंय, म्हनून आपटतंय." मिरचीच्या वाफ्यात नानांनी नायगावहून गवंडी बोलावला, फरशी उकलली, ढाल म्हणजे फरशीचा उतार नीट करून घेतला. राहिलेला पिक्चर त्यांनी हसत हसत बघितला, कारण त्या किंचाळणाऱ्या माणसांना अजून माहीतच नव्हतं की काम झालंय.

आणि एका पिक्चरमध्ये नायिकेचं लग्न नेमकं भेंडीच्या वाफ्यात लागलं. नाना परत आले तर हार गळ्यात पडलेले. हे त्यांना फार लागलं. लग्नाला जायचं राहिलं म्हणून दोन दिवस हळहळत होते. पण भेंडीला पाणी देताना त्यांना कळलं होतं की मटण कमी पडलं होतं. व्याह्यांकडची पन्नास माणसं जास्त आली आणि पोरीच्या बापानं ही गोष्ट कुणाला कळू दिली नाही. पुढे त्या बापाला काहीतरी असाध्य रोग होतो आणि तो खिडकीत उभा राहून रडतो. सगळ्या देशाला वाटलं, तो रोगामुळे रडतो. खरं कारण फक्त नानांना ठाऊक होतं.

टॉवरमधल्या एका बाईनं ही मतं सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. आधी गंमत म्हणून. मग लोकांनी पिक्चर बघितले आणि दोन तट पडले. दूधवाला आहे म्हणणारे आणि नाही म्हणणारे. आहे म्हणणारे जास्त होते. शेवटी सेक्रेटरींनी लिफ्टशेजारी कागद लावला : "ग्रुपवर चित्रपटात न घडलेल्या प्रसंगांवर चर्चा करू नये." त्याखाली कुणीतरी पेनानं लिहिलं होतं, "असे प्रसंग कोणते, त्यांची यादी लावावी."

यादी लावणं मला जमलं असतं. मी एकदा नानांना तोंडावर सांगितलंसुद्धा. "नाना, मी तो पिक्चर पूर्ण बघितलाय. एक फ्रेम सोडलेली नाही. त्यात दूधवाला नाही."

नाना माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत राहिले. "पोरी, तू सगला टाइम तिकरंच बगत बसतंस ना?"

"हो."

"मंग तुना दिसंल कवा?"

या प्रश्नाचा मला आजही राग येतो.

काकी मात्र टीव्ही बघत नसत. त्या डब्यातली माणसं लय घाईत असतान, डोकं फिरतं, असं म्हणायच्या. पण संध्याकाळी चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसल्या की नाना समोर पाटावर बसायचे आणि दुपारचा पिक्चर सांगायचे. पहिल्या भाकरीपासून शेवटच्या भाकरीपर्यंत. पूर्वी गावात भाड्यानं व्हिडिओ यायचा तेव्हापासून हे चाललं होतं. काकींनी आयुष्यात जे काही शेकडो पिक्चर बघितले ते सगळे असे, पिठाच्या परातीवरून.

त्यामुळे मनवेलपाड्याचं प्रकरण झालं. नानांची मुलगी तिथं राहते. तिच्या घरी बारसं होतं. दुपारी जेवणं आटोपल्यावर बायकांसाठी टीव्ही लावला, आणि लागला नेमका तो खुनाचा पिक्चर. काकी म्हणाल्या, हा मना ठाव हाय, आणि कधी नव्हे त्या पुढे सरकून बसल्या. खून झाला. पोलीस आले. काकी शेजारणींना सांगत होत्या, थांबा, आता तो येईल. तो काही येईना. त्याची बहीण येईना. पिक्चर संपला, नावं सरकायला लागली, तरी काकी जागच्या हलल्या नाहीत.

मग त्या लेकीला म्हणाल्या, "टीवी बदल गो तुझा. लहान हाय. याच्यात आक्का पिक्चर मावत नाय. आमच्या घरी येतो सगला."

बायका हसून हसून आडव्या झाल्या. लेकीनं घरी फोन करून भावाला सांगितलं, भावानं नानांना सांगितलं, आणि नानांनी जावयाला मोठा टीव्ही घ्यायचा सल्ला दिला. काकींना मी हळूच विचारलं, की खरंच तसं वाटलं का. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागल्या. त्यांनी विषय का बदलला ते मला तेव्हा कळलं नाही.

आता माझ्या हातून झालेली गोष्ट. ती सांगायला मी फार उत्सुक नाही, पण सांगते.

एका दुपारी पाठलागाचं दृश्य चालू असताना वाफा भरला. नाना घाईनं गेले, घाईनं परत येताना ओल्या बांधावरून घसरले आणि गुडघ्यावर पडले. हाड मोडलं नाही, पण गुडघा भोपळ्याएवढा झाला. त्यांचा मुलगा वसईला एका ऑफिसात नोकरीला. तो संध्याकाळी आला आणि भडकला. "बाबा, एक तर वांगी बंद करा नायतर टीव्ही. दोन्ही नाय चालणार. परत पडलात तर कोण बघणार?" नानांनी एकदा टीव्हीकडे बघितलं, एकदा मागच्या दाराकडे. त्यांना दोन्हींतलं काहीच सोडवत नव्हतं, हे दिसत होतं.

आणि मी, जिला कुणी काही विचारलं नव्हतं ती मी, जिन्यावरून म्हणाले, "ठिबक बसवा की."

त्या आठवड्यात मी शेतीवरच्या एका माहितीपटाची सबटायटलं तपासली होती. नळ्या, नळ्यांना भोकं, थेंब थेंब पाणी, वर टायमर. वेळ लावली की मोटर आपोआप चालू, आपोआप बंद. माणसानं उठायची गरज नाही. मुलाला हे इतकं पटलं की त्यानं मला दोनदा थँक्यू म्हटलं. रविवारी दोन माणसं येऊन नळ्या टाकून गेली. टायमर मुलाच्या मोबाईलवर. नानांनी जराही विरोध केला नाही. उलट भाजीला आलेल्या बायकांना कौतुकानं सांगत होते, "आता आक्का पिक्चर बगाला भेटंल मना." त्यांचा तो आनंदी चेहरा आठवला की मला अजून स्वतःला चापट मारावीशी वाटते.

पहिला आख्खा पिक्चर ते बघत होते तेव्हा मी काम टाकून जिन्यात बसले होते. दहा मिनिटं झाली आणि नाना उठले. खुर्चीचा हात धरून उभे राहिले. कुठं जायचं ते सुचेना, म्हणून बसले. पुन्हा दहा मिनिटांनी अर्धवट उठले आणि बसले. मध्यंतरानंतर उठायचे थांबले. नुसते बघत राहिले, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसतात तसे.

संध्याकाळी बायका आल्या. पिशव्या पुढे केल्या आणि उभ्या राहिल्या.

"बरा हाय," नाना म्हणाले.

"आणि?"

"आनि काय. हीरो येतो, मारामारी करतो, जातो. वांगी किती देऊ?"

बायका दोन मिनिटांत वांगी घेऊन निघाल्या. एवढ्या लवकर घरी जाऊन आता करायचं काय, असं एकीला म्हणताना मी ऐकलं.

चुलीपाशी मी त्या दिवशी मुद्दाम गेले. नानांनी काकींना पिक्चर सांगितला. सगळा बरोबर. एक चूक नाही. माझ्या धंद्यात असता तर मी त्यांना पैकीच्या पैकी दिले असते. दुसरी भाकरी तव्यावर पडायच्या आत पिक्चर संपला.

"मंग?" काकींनी विचारलं.

"मंग काय नाय. संपला."

काकी पिठात हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिल्या. नाना खाली मान घालून म्हणाले, "मना वाटायचा, मी नसताना तिकरं लय काय काय चालतंय. काय नाय चालत गो. नुसती बसलेली असतान."

त्यानंतर आणखी दोन-तीन पिक्चर त्यांनी नेटानं बघितले आणि सोडून दिले. टीव्हीवर टॉवेल पडला. दुपारी नाना मागच्या दारी स्टूल टाकून नळीतून पडणारे थेंब बघत बसायला लागले. मी विचारलं, काय बघता नाना? म्हणाले, "कायतरी होईल असा वाटतंय. होत नाय." जेवण कमी झालं. ग्रुपवर कुणीतरी विचारलं, नानांना बरं नाही का? सेक्रेटरींनीच उत्तर दिलं, की आपणही त्याच काळजीत आहोत.

काकी एकदा जिन्यात मला म्हणाल्या, "पोरी, चालीस वरसां या मानसाचा आवाज आयकत भाकरी थापली. आता नुसता थापाचा आवाज येतंय." त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. मला इतकं वाईट वाटलं की मी दोन दिवस खाली उतरले नाही.

मग मी माझ्या परीनं खटपट केली. टायमर बंद करता येईना, तो मोबाईलवर होता आणि मुलगा गुडघ्याचं नाव काढून ओरडायचा. नानांना एकदा आग्रहानं पिक्चर लावून दिला आणि मध्येच वरून हाक मारली, "नाना, लिंबू आहे का?" नाना उठले, लिंबू दिलं आणि बसले. एक मिनिट लागलं. एका लिंबात काय होणार? दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की आपणच त्यांना एखाद्या पिक्चरमधलं न घडलेलं काहीतरी सांगायचं. रात्री जेवताना विचार केला, सकाळी केला. मला एक दूधवाला सुचेना. मला फक्त जे आहे तेच माहीत होतं.

पंधरा-वीस दिवस असे गेले. एका दुपारी खालून टीव्हीचा आवाज आला. मी धावत उतरले. नाना पुढच्या पडवीत सूप घेऊन वाल सोलत बसले होते. फार वाईट सोलत होते. निम्मे दाणे खाली. आणि आत, नानांच्या खुर्चीत, काकी.

पदर तोंडाशी धरून, डोळे बारीक करून त्या पडद्याकडे बघत होत्या. चुलीवर डाळ होती. पाच मिनिटं झाली की त्या उठायच्या. "आली मी. भांडू नका," असं त्या टीव्हीला बजावायच्या आणि आत जायच्या. डाळ ढवळायची, शेगडीवरचं दूध बघायचं, मागच्या दारी वाळत घातलेली मिरची उलटायची, मग परत. मी नानांकडे बघितलं. ते म्हणाले, "बोलली, तुमी भायेर बसा. आज मी बगते नि सांगते. चक्कर येईल तिना." आणि सूप मांडीवर घेऊन बसून राहिले.

मी पडद्याकडे बघितलं आणि पिक्चर ओळखला. हिंदीत बोलणारा, पण मूळचा कुठल्या तरी बर्फाच्या देशातला. मुलगा दूर खाणीत कामाला जातो, आई मागे एकटी राहते, तापानं जाते, आणि शेवटी मुलगा परत येतो तर घराला कुलूप. त्याची सबटायटलं मीच तपासली होती. आई जाते नवव्या मिनिटाला.

संध्याकाळी वाटी परत द्यायच्या निमित्तानं मी चुलीपाशी जाऊन बसले. काकी भाकरी थापत सांगत होत्या. नाना समोर. काकींना सांगायची सवय नव्हती. त्या अडखळत होत्या, माणसांची नावं विसरत होत्या, बर्फाला मीठ म्हणत होत्या. पण सांगत होत्या. तिसऱ्या भाकरीला मुलगा खाणीत होता आणि आईनं त्याला निरोप धाडला की अंगात गरम घालत जा.

"कंची आयस?" नाना म्हणाले. "ती मेली ना? मना भायेर रडन्याचा आवाज आला."

काकींचा हात थांबला. "ती शेजारीन रडली."

"नाय गो. मी नीट आयकला."

भाकरी परातीत तशीच राहिली. काकी आता हो म्हणाल्या असत्या तर तिथंच सगळं संपलं असतं. नाना उठून पुन्हा त्या थेंबांसमोर जाऊन बसले असते, आणि या वेळी काकींजवळ दुसरी काही युक्ती उरली नव्हती. हे मला दिसत होतं. काकींनाही दिसत होतं. पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

नाना माझ्याकडे वळले. "पोरी, तुझा कामच हाय हे. तू आक्का बगलायस. सांग. आयस मेली का?"

मेली. नवव्या मिनिटाला. तिच्या शेवटच्या शब्दाशी खालची ओळ जुळत नव्हती म्हणून मी ते मरण बावीस वेळा मागे-पुढे केलं होतं. आणि आजवर कुणाचं चुकीचं वाक्य मी दुरुस्त केल्याशिवाय सोडलं नव्हतं.

"नाही मेली, नाना," मी म्हणाले. "ताप होता. उतरला."

"आनि पोऱ्या परत आला तवा?"

"तिनंच दार उघडलं."

नाना पाटावर पुढे सरकले. "आनि जेवाला काय दिला त्याला?"

त्या गावात छपरापर्यंत बर्फ होतं. मी काकींकडे बघितलं. त्या तव्याकडे बघत होत्या.

"सुकटीचं कालवण," मी म्हणाले. "आणि भात."

नानांनी डोळे मिटले आणि मान डोलावली. काकींनी परातीतली भाकरी उचलून तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला.

"भात नाय," त्या म्हणाल्या. "भाकरी व्हती. मी डाल उतरवाला गेली तवा ती पीठ मलत व्हती."